जीपची मंद चाल आणि खानदेशची हवा

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें दक्षिणेस निघालें कीं थोड्याच वेळांत लळिंगचा किल्ला आणि घाट लागतात. मे महिन्यांतील भर दुपारीं घाट चढून आलेली जुनी पेट्रोल-जीप माथ्यावर क्षणभर थांबते, आणि चालकानें पाय उचलतांच तिचें इंजिन आचके देऊन बंद पडतें. अशा वेळीं बहुतेकांचा हात एकाच ठिकाणीं जातो : कार्ब्युरेटरवरील लहानशा स्क्रूकडे. स्क्रू थोडा फिरविला, इंजिन चालूं लागलें, म्हणजे रोग बरा झाला असें वाटतें. पुढच्या थांब्यावर पुन्हां तोच प्रकार! वस्तुतः मूळ दोष त्या स्क्रूंत क्वचितच असतो. तो शोधण्याची एक सोपी रीत आहे, आणि खानदेशांत ती विशेष उपयोगी पडते. कारण तेथील ऊन, धूळ आणि डोंगर या तिहींची गांठ या यंत्राशीं रोजच पडते.

जीप ही मुळांत युद्धासाठीं जन्मलेली गाडी. १९४१ ते १९४५ या काळांत विलीस व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांवर गाड्या बांधल्या. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढें डिझेल इंजिनांनीं पेट्रोल-जीपला मागें सारलें. तरीहि या जुन्या गाड्या हौसेनें जपणारे लोक आजहि आहेत, आणि सातपुड्यासारख्या डोंगरांत त्यांची खरी कसोटी लागते.

पेट्रोल नुसतें जळत नाहीं; त्यास योग्य प्रमाणांत हवा लागते. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा खर्च होते. घरांतील स्टोव्हला हवा कमी पडली कीं ज्योत पिवळी होऊन भांडें काजळतें, आणि हवा फार झाली कीं ज्योत फडफडून विझूं पाहते. इंजिनाचेंहि तसेंच आहे. पेट्रोल अधिक झालें तर मिस्त्री मिश्रणास ‘रिच’ म्हणतात, हवा अधिक झाली तर ‘लीन’. मंद चालींत इंजिनास किंचित् रिच मिश्रण लागतें. पण तें किंचितच.

गाडी वेगांत असतां हवेचा जोरदार झोत कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून जातो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल ओढून घेतो. पाय उचलला कीं थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते, झोत मंदावतो आणि मुख्य जेट स्वस्थ बसतो. त्या वेळीं इंजिन जगतें तें चकतीच्या कडेजवळील एका बारीक छिद्रावर. इंजिनाच्या ओढीनें या छिद्रांतून अल्पसें पेट्रोल येतें, व त्याचें मान तो लहान स्क्रू ठरवितो. म्हणजे स्क्रूची सत्ता मुख्यतः मंद चालीपुरतीच आहे. गाडी सर्वच वेगांत अडखळत असेल, तर स्क्रू फिरविणें व्यर्थ होय.

म्हणून पहिली गोष्ट इंजिनालाच विचारावी. तें गरम झाल्यावर मंद चालींत चोक अगदीं थोडा ओढून पहावा. चाल सुधारली, तर मिश्रण लीन होतें. बिघडली व काळा धूर आला, तर आधींच रिच होतें. दुसरी साक्ष प्लगची. कोरडी काळी काजळी रिच मिश्रण दाखविते, पांढुरका रंग लीन मिश्रण दाखवितो, आणि फिकट तपकिरी रंग समाधानाचा समजावा. मात्र एकच प्लग काळा असेल, तर दोष मिश्रणाचा नसून त्या सिलिंडरचा आहे. प्लग, पॉइंट आणि टॅपेट यांचीं अंतरें आधीं तपासावीं. ठिणगीचा दोष पुष्कळदां पेट्रोलाच्या माथीं मारला जातो.

मिश्रण लीन ठरलें, तर चोरवाटेनें शिरणारी हवा शोधावी. कार्ब्युरेटरखालचें गॅस्केट, मॅनिफोल्डचे सांधे आणि क्रँककेसची हवा इनटेकमध्यें आणणारा लहान व्हॉल्व्ह, हीं तिच्या शिरकावाचीं नेहमींचीं ठिकाणें. चालत्या इंजिनाच्या सांध्यांवर तेलाचे थेंब सोडावेत. गळती असेल तेथें तेल आंत ओढलें जातें व आवाज क्षणभर बदलतो. या कामीं पेट्रोल मात्र कधींहि शिंपडूं नये. गळती न सांपडल्यास मंद चालीचें छिद्र कचऱ्यानें बुजलें असावें.

मिश्रण रिच ठरलें, तर चोक पुरता उघडतो कीं नाहीं, फ्लोटची सुई कचऱ्यामुळें अडली आहे काय, फ्लोटमध्यें पेट्रोल शिरलें आहे काय, हें पहावें. खानदेशांत आणखी एक कारण असतें : काळ्या मातीची बारीक धूळ. तेलाचा एअर-क्लीनर गाळानें भरला कीं हवेची वाट अडते व इंजिन पेट्रोल अधिक ओढूं लागतें. धुळीच्या प्रवासानंतर हें तेल पहावें. नेहमींच्या मुदतीची वाट पाहूं नये.

आतां उन्हाचा प्रश्न. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढणें नवें नाहीं, आणि पेट्रोलमधील हलके अंश त्याहून कमी उष्णतेंतहि उकळूं लागतात. जुन्या विलीस इंजिनांत कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या वरच्या बाजूस असतो. थंड देशांत ही ऊब उपकारक; खानदेशच्या उन्हाळ्यांत तोच दोष ठरतो. चढावानंतर गाडी थांबली कीं भांड्यांतील पेट्रोल उकळून इनटेकमध्यें उतूं जातें. लळिंगच्या माथ्यावरची जीप बहुधा याच कारणानें बंद पडते. तेथें स्क्रू फिरवूं नये. बॉनेट उघडून इंजिन निवूं द्यावें आणि चोक न ओढतां अॅक्सिलरेटर पुरता दाबून तें सुरू करावें. उलट, पेट्रोलचा वासच येत नसेल, तर नळींत वाफ अडली आहे. पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवल्यास ती निवळते.

डोंगराचा परिणाम निराळा. धुळें व जळगांव हीं शहरें समुद्रसपाटीपासून सुमारें २०० ते २५० मीटर उंच, तर पूर्वीं धुळें जिल्ह्यांत व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत असलेलें तोरणमाळ सुमारें ११५० मीटर. तेथील हवा आठ-नऊ टक्क्यांनीं विरळ असल्यामुळें मिश्रण चार-पांच टक्क्यांनीं रिच होतें. याच्या उलट काम इथेनॉल करतें. २०२५ पासून देशभर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलांत त्याचें प्रमाण सुमारें २० टक्के आहे. इथेनॉलमध्यें प्राणवायु असतो. त्यामुळें जुन्या जेटचें मिश्रण सुमारें सात-आठ टक्के लीन होतें. तोरणमाळावर हे दोन दोष एकमेकांस बरेचसे खाऊन टाकतात. खालीं मैदानांत मात्र इथेनॉलचा दोष एकटाच उरतो. जुनें रबर व पंपाचा पडदाहि त्यानें लवकर खराब होतो.

इतकें झाल्यावर स्क्रूची पाळी. विलीस जीपवरील कार्टर कार्ब्युरेटरांत तो आंत फिरविल्यास मिश्रण लीन होतें, बाहेर काढल्यास रिच. गरम इंजिनावर तो हळुहळू आंत न्यावा. इंजिन अडखळूं लागलें कीं बाहेर काढावा, तें जडपणें डुलूं लागेपर्यंत. या दोन टोकांच्या मध्यावर त्यास ठेवून थ्रॉटलच्या स्क्रूनें मिनिटास सुमारें ६०० फेरे जुळवावेत. स्क्रू तळाशीं आवळूं नये. सुईस खांच पडते. हें काम उघड्यावर करावें, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड बंद गॅरेजमध्यें वास न येतां जीव घेतो.

फार लीन मिश्रणावर चाललेल्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. फार रिच मिश्रणाचें पेट्रोल सिलिंडरवरील तेल धुऊन नेतें. दोन्ही हानि हळूहळू होतात, आणि लक्षांत येतात तेव्हां गाडी बहुधा वस्तीपासून दूर डोंगरांत उभी असते. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पहावा, आणि स्क्रूला हात सर्वांत शेवटीं लावावा.