राइडिंग मोअर चालू होत नाही तेव्हा

अमेरिकेत बसून चालवायचे गवतकापणी यंत्र, म्हणजे राइडिंग मोअर, हिवाळाभर गॅरेजमध्ये उभे असते. एप्रिलमध्ये गवत वाढू लागते, मालक किल्ली फिरवतो आणि यंत्र दाद देत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी स्पार्क प्लगकडे जातो. खरे तर पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी : किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते आणि पेटत नाही, की मुळात फिरतच नाही?

हे दोन बिघाड वेगळे आहेत, कारण यंत्रात विजेच्या दोन स्वतंत्र वाटा असतात. एक बॅटरीपासून सोलेनॉइडमार्गे स्टार्टरपर्यंत जाते आणि इंजिन फिरवते. दुसरी प्लगची. फ्लायव्हीलमध्ये बसवलेले चुंबक इग्निशन कॉइलजवळून वेगाने जाते आणि त्यातूनच ठिणगीची वीज तयार होते. बहुतेक मोअरमध्ये तिला बॅटरी लागत नाही. त्यामुळे न फिरणाऱ्या इंजिनाचा प्लग बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

किल्ली फिरवूनही काहीच आवाज नसेल, तर फ्यूज पाहावा आणि मग सुरक्षेचे स्विच. ब्रेकचे पेडल पूर्ण दाबलेले नसेल किंवा पात्याचा स्विच चालू राहिला असेल, तर स्टार्टरला वीज मिळतच नाही. पाते चालू असताना किंवा ब्रेक न लावता चालक उठला, तर सीटखालचा स्विच इंजिन बंद पाडतो. पेडलजवळच्या स्विचवर गवताचा चोथा साचतो, थंडीत आसरा घेतलेले उंदीर तारा कुरतडतात. हे स्विच तार जोडून कायमचे निकामी करण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो करू नये. फिरत्या पात्यापासून पाय वाचवण्यासाठीच ते बसवलेले असतात.

‘टक्’ असा एकच आवाज आला, तर मल्टिमीटर काढावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास अर्धी उतरली आहे. स्टार्टर फिरवताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी भार पेलत नाही. बॅटरी ठीक असेल, तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर काढावा आणि चॅसीवरची अर्थिंगची तार घासून स्वच्छ करावी. पुढची तपासणी सोलेनॉइडची. त्याच्या दोन जाड बोल्टांवर मीटरच्या पिना टेकवून किल्ली फिरवावी. ‘टक्’ वाजूनही मीटरवर बारा व्होल्टच दिसत राहिले, तर आतले संपर्क जळाले आहेत. आकडा शून्याजवळ आला, म्हणजे सोलेनॉइड वीज पुढे देत आहे आणि शोध स्टार्टरकडे वळवायचा.

सर्वात फसवा बिघाड यानंतरचा. इंजिन अर्धा फेरा घेते, अडखळते आणि थांबते. लक्षण हुबेहूब कमजोर बॅटरीचे, त्यामुळे बॅटरी बदलली जाते, मग स्टार्टरही, आणि दोष जागेवरच राहतो. दोष टॅपेट सेटिंगमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीत असतो. एकसिलिंडर इंजिनाचा पूर्ण दाब लहान स्टार्टरला झेपत नाही, म्हणून सुरू होताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून थोडा दाब सोडून देण्याची सोय कॅमशाफ्टवर केलेली असते. हे उघडणे अगदी थोडे. वापराने टॅपेटची फट वाढली की ते त्या फटीतच जिरते, व्हॉल्व्ह हलत नाही आणि पिस्टन पूर्ण दाबावर येऊन अडतो. उपाय फीलर गेजचा. व्हॉल्व्हचे झाकण काढायचे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून तिथून सुमारे 6 मिलिमीटर पुढे उतरवायचा, म्हणजे दाब सोडणारी यंत्रणा मोजमापात लुडबुड करत नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अनेक एकसिलिंडर ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनांत इनटेकची फट 0.003 ते 0.005 इंच आणि एक्झॉस्टची 0.005 ते 0.007 इंच ठेवतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. गेजची पट्टी हलकी घासत सरकली पाहिजे. अर्ध्या तासाचे हे काम अनेक स्टार्टर वाचवते.

इंजिन झरझर फिरते पण पेटत नाही, तेव्हा आधी ठिणगी पाहावी, तीही टेस्टर लावून आणि पेट्रोलपासून दूर. ठिणगी नसेल, तर कॉइलला जोडलेली बारीक किल वायर सोडवून पुन्हा पाहावे. इंजिन बंद करताना हीच तार कॉइलला अर्थ देते. ती कुठे सोलून चॅसीला टेकली असेल, तर किल्ली चालू असूनही इंजिन बंदच राहते. तार सोडवल्यावर ठिणगी आली, तर कॉइल निर्दोष आणि दोष वायरिंगमध्ये. मात्र ती सुटी असताना किल्लीने इंजिन बंद होत नाही, म्हणून तपासणी होताच जोडून टाकावी.

ठिणगी असेल, तर पेट्रोल. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल टाकून फिल्टर पुन्हा बसवावा. इंजिन क्षणभर पेटून बंद पडले, तर टाकीपासून जेटपर्यंत कुठेतरी अडले आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, आणि महिनोन्‌महिने साठलेले पेट्रोल आटून कार्ब्युरेटरच्या तळाशी चिकट थर सोडते. जेटचे बारीक छिद्र त्यानेच बुजते. कार्ब्युरेटरची वाटी उतरवून छिद्र क्लीनरने मोकळे करावे आणि प्रकाशाकडे धरून आरपार दिसते का पाहावे. वाटीखाली बहुधा इंधन अडवणारा छोटा सोलेनॉइड असतो. किल्ली चालू करताच तो ‘टक्’ वाजला नाही, तर जेट स्वच्छ असूनही पेट्रोल पोहोचत नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची सुई गळते आहे. तेल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन उलट धक्का देते किंवा फटाफट आवाज करते. पाते आधी झाडाच्या बुंध्यावर आपटले असेल, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली असण्याची शक्यता असते. हा मऊ धातूचा छोटा तुकडा सरकला की ठिणगी भलत्या वेळी पडते. फ्लायव्हील उतरवून चावी नवी घालावी आणि नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावा.