दोष दिसतो एकीकडे, उपजतो दुसरीकडे

चोर्ला घाट उतरून बेळगावची भाजी गोव्यातल्या साखळी-डिचोलीच्या बाजारात येते ती बहुतेक पिकअपमधून. हरमल-मोरजीची मासळी, पेडण्याचे नारळ आणि काजू, चतुर्थीच्या तोंडावरचे माटोळीचे (गणपतीवरच्या फळापानांच्या सजावटीचे) सामान, लग्नाचा मांडव, घरबांधणीचा चिरा या सगळ्याचा भार बोलेरो पिकअप, योद्धा किंवा दोस्त यांसारख्या गाड्या वाहतात. अशा गाडीचे इंजिन एका सकाळी थरथरू लागते, स्टिअरिंग हाताला झिणझिण्या आणते, चढणीला दम निघून जातो. गॅरेजच्या बोलीत इंजिन ‘मिसिंग’ मारते. अशा वेळी ‘नोजल गेले’ किंवा ‘पंप गेला’ असा निकाल फार लवकर लागतो आणि महागडा भाग बदलला जातो. माझे म्हणणे असे की डिझेल इंजिनाची दुरुस्ती हे मुळात पुरावा गोळा करण्याचे काम आहे, आणि त्या पुराव्याचा माग टाकीपासून इंजिनाकडे काढायचा असतो. कारण या यंत्रात दोष जिथे दिसतो तिथे तो सहसा उपजलेला नसतो.

यंत्राची घडणच तशी आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला सतरा-अठरा पट दाबतो, ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात बारीक तुषारांनी सोडलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे पुरेशी हवा, भरपूर दाब आणि योग्य क्षणी, योग्य मापाचा, नीट फुटलेला फवारा एवढ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. चार सिलिंडरचे इंजिन आयडलला मिनिटाला 800 फेरे घेते तेव्हा प्रत्येक सिलिंडर 400 वेळा पेटतो. त्यातला एक अडला की तीन ठोके आणि एक खळ अशी लय पडते, आणि हीच लय सीटखाली जाणवते. धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला नि रेडिएटरचे पाणी घटत गेले तर संशय हेड गॅसकेटवर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. मेस्त्रीने बॉनेट उघडण्याआधीच एवढी साक्ष मिळालेली असते.

पेडणे आणि डिचोलीत ही साक्ष वाचताना आधी हवामान आणि माती लक्षात घ्यावी लागते. चार महिने धो-धो पाऊस आणि उरलेले वर्षही दमट. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दमट हवा थंडावते आणि आतल्या पत्र्यावर पाण्याचे थेंब धरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी साचते आणि तळाजवळूनच इंधन ओढले जाते. याची परीक्षा अगदी साधी आहे. डिझेल फिल्टरखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करायचा, पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत घ्यायचे आणि ती पंधरा मिनिटे स्थिर ठेवायची. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, वरच्या डिझेलशी त्याची स्पष्ट रेघ पडते आणि तळाशी कधी तांबूस गंजाचे कण दिसतात. दुसरा गुन्हेगार हवा. अनेक गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, त्यामुळे तिला बारीक चीर गेली तर डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते. खाली डाग पडत नाही, म्हणून नळी निर्दोष ठरते आणि आळ पंपावर जातो. तिथे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला की धावते बुडबुडे उघड्या डोळ्यांनी दिसतात.

तिसरा गुन्हेगार लाल धूळ. डिचोलीच्या खाणींतून सारमानससारख्या धक्क्यांपर्यंत लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी या तालुक्याला डिझेलची विद्या दिली आणि धूळही दिली. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात उत्खनन परत सुरू झाले. पेडण्यातही मोपचा विमानतळ आणि महामार्गाचे रुंदीकरण यांमुळे माती उकरली गेली. एअर फिल्टर धुळीने तुंबला की काळा धूर येतो. ते नुकसान स्वस्तात निस्तरते. फिल्टरचा कागद फाटला किंवा होजचा क्लॅम्प सैल पडला तर मात्र तीच धूळ बोअर खरवडते, कॉम्प्रेशन घटते आणि खरोखरच इंजिन उघडण्याची पाळी येते. म्हणून कागदी फिल्टर साफ करताना हवेचा झोत आतून बाहेर, बेताने मारायचा असतो. उलट मारला तर धूळ कागदात आणखी रुतते.

हे तपासून झाल्यावरच नोजलकडे वळावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या, म्हणजे अनेक मेस्त्री अजून ज्याला ‘मिको पंप’ म्हणतात त्याच्या, गाड्यांत चालू इंजिनावर एकेका नोजलच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्याचा नट सैल केल्याने आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून निकामी. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या, गाडीवर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब हजार बारच्या पलीकडे जातो आणि तो फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो. तिथे इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून पाहतात. काही मिनिटांत एक बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे.

यावर पहिला आक्षेप असा की आता स्कॅनर आहे, बरण्या-बाटल्या कशाला? 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 गाड्या आल्यावर स्कॅनरशिवाय काम भागत नाही हे खरेच आहे. सेन्सर, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी यंत्रणा), धुराचा फिल्टर यांची खबर तोच देतो. पण तिसरा सिलिंडर कमी ताकद देतो एवढे सांगितल्यावर तो का कमी देतो, हे स्कॅनर क्वचितच सांगतो. इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात आणि त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. पाणी आले की वंगण तुटते आणि गंज धरतो. टाकी न धुता नवा इंजेक्टर बसवला, तर जुन्याला ज्या पाण्याने खाल्ले तेच पाणी नव्यालाही खाते. स्कॅनर बळीचे नाव सांगतो, गुन्हेगार मेस्त्रीलाच शोधावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, हप्ता थांबत नाही, मग तपासत बसायला वेळ कुठला? ही ओढाताण खरी आहे, आणि चतुर्थीच्या हंगामात, पाऊस आणि धंदा दोन्ही जोरात असताना, ती अधिकच जाचते. पण वेळेचा हिशेबही क्रमाच्याच बाजूने पडतो. फिल्टरचा निचरा, बुडबुड्यांची नळी, एअर फिल्टर आणि होज हे सारे एका सकाळीत तपासून होते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. चुकीचा भाग बदलला तर गाडी आठवड्याने पुन्हा त्याच दारात उभी राहते, भागाचे पैसे गेलेले असतात आणि दोष जिथल्या तिथे असतो.

डिचोली आणि पेडण्याच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हाती स्कॅनर जरूर असावा. त्यासोबत टाकीपासून सुरुवात करण्याची शिस्तही त्यांच्या अंगी बाणावी, कारण उपकरण पुढे बदलेल, डिझेलचा टाकीपासून सिलिंडरपर्यंतचा प्रवास बदलणार नाही. मालकानेही आपला वाटा उचलावा. पावसाळ्यात टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी, फिल्टरचे पाणी वेळोवेळी सोडावे आणि गाडी थरथरली तर ‘काय बदलायचे?’ असे विचारण्याआधी मेस्त्रीकडे ती काचेची बरणी मागावी.