चौथ्या औषधाची नोंद

रुग्णास दाखल करताना नातेवाईक त्याची चालू औषधे सांगतात. संगणकावरील आपल्या जुन्या अर्जात त्यांसाठी तीनच रकाने होते. चौथे औषध शेऱ्यात लिहिले जाई आणि शोधताना सापडत नसे. ते रक्त पातळ करणारे असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी केवढा धोका! नव्या अर्जात ‘आणखी औषध’ हे बटण दाबले की नवी ओळ उघडते. प्रत्येक औषध वेगळ्या तक्त्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह साठविले जाते. (हे तत्त्व एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले.) सर्व ओळी एकदमच जतन होतात, मध्येच वीज गेल्यास अर्धवट यादी मागे राहत नाही. नातेवाइकांनी येताना गोळ्यांची पाकिटे मात्र सोबत आणावीत, ही विनंती.