हृदयाचा ठोका आणि बाणाचा नेम

इथे सांता क्लारात आता घरटी दोन-तीन मनगटांवर नाडी दाखवणारे घड्याळ असते. चालताना, झोपताना, भांडी घासतानासुद्धा आकडा समोर येतो, आणि आकडा आला की मागोमाग काळजी येते. या वेळचा प्रश्न असाच आला. ठाण्याहून सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या एका आजींची चौदा वर्षांची नात धनुर्विद्या शिकते. सरावात नेम चांगला, पण स्पर्धेत रेषेवर उभी राहिली की तिचे घड्याळ १३८ दाखवते. धावणे नाही, उड्या नाहीत, तरी १३८! आजींनी मला विचारले, "पोरीचा हात थरथरतो हो. तिच्या आजोबांना धडधडीवर गोळी आहे. त्यातली अर्धी स्पर्धेच्या सकाळी दिली तर चालेल का? नाहीतर तुम्ही सांगा, हा खेळच सोडवू का?"

उत्तर आधी देते, कारणे मागून. गोळी देऊ नका आणि खेळही सोडवू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खांदे, पाठ आणि दम हे माझे रोजचे काम, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडते. धनुष्य कधी हातात न धरणाऱ्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल.

ठोका बाणापर्यंत कसा पोचतो

खुर्चीवर बसून एका गुडघ्यावर दुसरा गुडघा टाका आणि वरच्या पायाचे बोट निरखून पाहा. ते ठरावीक तालात किंचित वर-खाली होताना दिसेल. तो ताल तुमच्या नाडीचा आहे. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त जोराने महाधमनीत ढकलते आणि तो हलका धक्का सगळ्या शरीरातून जातो. पायाचे बोट हलते तसा धनुष्य धरलेला हातही हलतो.

एवढ्याशा हलण्याने काय बिघडते? हिशेब करून पाहू. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते आणि ताणलेल्या धनुष्यावर बाणाची लांबी साधारण ७० सेंटिमीटर. म्हणजे अंतर बाणाच्या शंभरपट. बाणाचे टोक एक मिलिमीटर बाजूला गेले की लक्ष्यावर तो सुमारे १० सेंटिमीटर बाजूला लागतो. १० गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत ६.१ सेंटिमीटर. एका मिलिमीटरने बाण मध्यातून निघून १० च्या बाहेर जातो. २०२४ साली पॅरिसला पुरुषांच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रेडी एलिसन यांनी निर्णायक बाणावर दोघांनीही १० गुण मिळवले. सुवर्णपदक ठरले ते मध्यापासूनच्या ४.९ मिलिमीटरच्या फरकाने.

नाडी ७० असेल तर दोन ठोक्यांमध्ये साधारण ०.८६ सेकंदाची शांतता मिळते. १४० झाली की ती ०.४३ सेकंदावर येते. रायफल नेमबाजांच्या अभ्यासांत असे दिसले आहे की मुरलेले नेमबाज नकळत दोन ठोक्यांमधल्या शांत वेळेत चाप ओढतात. धनुर्धराला इतकी मोकळीक नसते. ऑलिंपिकच्या धनुष्यावर क्लिकर नावाची धातूची पातळ पट्टी असते. बाण पूर्ण ओढला गेला की ती 'टिक्' वाजते आणि बाण सुटतो. टिक् कधी वाजेल ते ठोक्याला विचारून ठरत नाही. म्हणून ठोके जितके विरळ आणि शरीर जितके स्थिर, तितका बाण शांत वेळेत सुटण्याचा संभव अधिक.

कष्टाची नाडी आणि भीतीची नाडी

नाडी दोन कारणांनी वाढते. स्नायूंना रक्त हवे असते तेव्हा, आणि मनाला धोका वाटतो तेव्हा. दुसऱ्या वेळी अॅड्रिनलिन रक्तात येते, तळहाताला घाम सुटतो, बोटे कापतात, श्वास वरच्यावर होतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये धनुर्धरांची नाडी पडद्यावर दाखवली गेली. अंगाला काही न लावता, चेहऱ्याच्या त्वचेच्या रंगात रक्तप्रवाहामुळे होणारे सूक्ष्म बदल कॅमेरा टिपत होता. ३० जुलै २०२१ रोजी महिलांच्या अंतिम सामन्यात एकेका बाणाची निर्णायक फेरी आली. दक्षिण कोरियाच्या आन सानची नाडी तेव्हा ११८ च्या आसपास होती, प्रतिस्पर्धी एलेना ओसिपोव्हाची १६७ च्या. आन सानने १० मारले, ओसिपोव्हाने ८. पुढे संशोधकांनी त्या स्पर्धेतल्या नाडीच्या नोंदी आणि गुण ताडून पाहिले, तेव्हा नाडी चढली की गुण उतरतात असाच कल दिसला.

इथे एक गोष्ट आजींनी लक्षात घ्यावी. जगातली सर्वांत शांत समजली गेलेली ती मुलगीसुद्धा ११८ वर होती. तिची बसल्याजागची नाडी काही तेवढी नसणार. म्हणजे रेषेवर नाडी चढते ती सर्वांचीच. चौदा वर्षांच्या मुलीचे हृदय जोराच्या धावण्यात २०० पर्यंत जाऊ शकते. त्या मानाने स्पर्धेच्या धास्तीत १३८ हे आजाराचे लक्षण नव्हे. शिवाय मनगटावरचे घड्याळ धनुष्याची मूठ आवळताना चुकीचा आकडाही दाखवते, कारण तिथले स्नायू आणि शिरा हलत असतात.

दम कुठे उपयोगी पडतो

"एका जागी उभे राहून बाण मारायचा, त्याला कसला आलाय दम?" असे पुष्कळांना वाटते. तर ऐका. पुरुषांच्या ऑलिंपिक धनुष्याची ताण साधारण २० किलोच्या पुढेमागे असते. पात्रता फेरीत ७२ बाण. ७२ गुणिले २० म्हणजे १,४४० किलोची ओढ, आणि सरावाचे बाण वेगळे. ज्याची ताकद काठावर आहे त्याला प्रत्येक बाण म्हणजे पूर्ण जोर, आणि पूर्ण जोर लावला की नाडीही चढणारच. ज्याच्या पाठीत-खांद्यांत शिल्लक ताकद आहे त्याला तीच ओढ हलकी जाते.

दुसरा भाग हृदयाचा. नियमित चालण्या-धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते. शरीराला मिनिटाला पाच लिटर रक्त हवे असेल तर ७० मिलिलिटरच्या हिशेबाने ७० हून जास्त ठोके लागतात, १०० मिलिलिटरच्या हिशेबाने ५० पुरतात. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे चढलेली नाडी लवकर उतरणे. वैयक्तिक सामन्यात दोघे आळीपाळीने मारतात आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. समोरच्याच्या त्या २० सेकंदांत ज्याची नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी खाली येते, तो पुढच्या बाणाला नव्याने उभा राहतो.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मोलमजुरी करणाऱ्या घरातला. त्याचे शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला आधी धावण्याकडे वळवले आणि त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिले. धनुष्य त्याच्या हाती आले ते पुढे, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता आणि टोकियोला त्याने गालसान बाझारझापोव्हसारख्या जगात वरच्या क्रमांकाच्या धनुर्धराला ६-० ने हरवले. आधी पोट, मग पाय, मग धनुष्य, असा हा क्रम आहे.

सातारा शहरातच प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांनी सराव केला. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनला दोघेही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजसने अंतिम सामन्यात १५ पैकी १५ बाण १० वर मारले, १५० पैकी १५०. कंपाउंडच्या धनुष्याला चाके असतात, त्यामुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच हलका होतो. पण तिथे १० चे वर्तुळ ५० मीटरवर फक्त ८ सेंटिमीटरचे असते, तेव्हा स्थिरता तेवढीच लागते.

आजोबांची गोळी का नको

धडधडीवर आणि रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या बीटा-ब्लॉकर वर्गातल्या. त्या अॅड्रिनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवतात, ठोके कमी करतात आणि हाताचा कंपही कमी करतात. म्हणूनच जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने धनुर्विद्येत त्यांवर बंदी घातली आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. म्हणजे मायेने दिलेली अर्धी गोळी चाचणीत उत्तेजक द्रव्य ठरेल.

पण बंदीपेक्षा जिवाची गोष्ट मोठी. मुलीला दमा असेल तर या गोळीने श्वासनलिका आवळू शकतात. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. आजोबांसाठी मोजून लिहिलेले औषध नातीसाठी नाही. आणि आजोबांनाही सांगते, नाडी ५५ दिसली म्हणून घाबरून ही गोळी स्वतःहून बंद करू नका. ती अचानक तोडली तर रक्तदाब उसळतो, छातीत दुखू लागते. कमी-जास्त करायचे ते डॉक्टरांनी.

नातीला डॉक्टरांकडे न्यायचे ते अशा वेळी: स्वस्थ बसलेली असताना धडधड होणे, खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलेले असणे. यातले काही असेल तर आधी तपासणी, मग धनुष्य.

नातीने काय करावे

आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास भरभर चालणे, पळणे, पोहणे किंवा सायकल. दोन दिवस पाठ, खांदे, पोट आणि मांड्यांचे व्यायाम, प्रशिक्षकांच्या नजरेखाली. आपल्या ताकदीपेक्षा जड धनुष्य घ्यायची घाई नको, खांदा दुखावला तर वर्ष जाते. सरावात कधीकधी थोडे पळून येऊन लगेच चार बाण मारावेत, म्हणजे चढलेल्या नाडीची ओळख होते. आणि श्वास! श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. दोन बाणांच्या मधे चार मोजत श्वास घ्यावा, सहा-सात मोजत सोडावा. स्पर्धेच्या दिवशी घड्याळ काढून पिशवीत ठेवावे. आकडा पाहून नाडी कमी झालेले मूल मी अजून पाहिलेले नाही.

आणि आपण

कोकणात घाणा चालवणाऱ्या आपल्या शनिवार तेली पूर्वजांना दम वेगळा कमवावा लागला नाही. आपल्याला लागतो. सुईत दोरा ओवताना, औषधाचे थेंब मोजताना, नातवाला कडेवर घेऊन जिना चढताना आपल्यालाही स्थिर हात आणि लवकर शांत होणारे हृदय हवेच असते. उपाय तोच, फक्त धनुष्याशिवाय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही इतपत. इथे सॅन टोमास अक्विनो ओढ्याकाठची पायवाट सपाट आहे. मुंबई-ठाण्यात सकाळची बाग आहे. जे बीटा-ब्लॉकर घेतात त्यांनी '२२० वजा वय' हे सूत्र विसरावे, त्यांना ते लागू पडत नाही. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटीच खरी.

जड पिशवी किंवा सामानाची बॅग उचलताना श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब एकदम वर जातो. उचलताना श्वास सोडा. ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी रबरी पट्टा ताणण्याचे व्यायामसुद्धा विचारूनच करावेत.

शेवटी एक घरगुती मोजमाप. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवा, तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. दहा मिनिटे भरभर चाला, लगेच पुन्हा मोजा, मग सावकाश चालत राहून एका मिनिटाने आणखी एकदा मोजा. दवाखान्यातल्या ताणचाचणीत डॉक्टर या पहिल्या मिनिटात १२ हून अधिक ठोके उतरण्याची अपेक्षा ठेवतात. घरी तुम्ही फार जोराने चालला नसाल तर उतारही कमी दिसेल, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. वहीत तारीख टाकून लिहा आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. ठोके मोजताना ताल मधेच चुकतोय, एखादा गळतोय असे वारंवार वाटले, तर मात्र दोन महिने थांबू नका. ती वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.