गावाच्या पाण्याचा जमाखर्च

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला 2018मध्ये प्रामुख्याने मराठवाडा आणि विदर्भात सुरुवात झाली. त्यात समाविष्ट गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत मुंबईच्या आयआयटीने बसवली. पडलेल्या पावसातून वाहून जाणारे, मातीत मुरलेले, पिकांनी वापरलेले आणि भूजलात उतरलेले पाणी किती, याचा दिवसागणिक हिशेब त्यात होतो. मातीचे आणि जमीनवापराचे नकाशे उपग्रह-सर्वेक्षणातून येतात, पावसाच्या नोंदी ‘महावेध’ या हवामान प्रकल्पाच्या महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांवरून. राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत.

खरा फरक मातीने पडतो. एकाच पावसानंतर खोल काळ्या रानातले सोयाबीन दोन-तीन आठवड्यांची उघडीप सोसते; मुरमाड माळावरचे मात्र आठवड्याभरातच माना टाकते. म्हणूनच शेततळे कुठे आणि संरक्षित पाणी कधी, हे तालुक्याच्या सरासरीवरून ठरवणे धोक्याचे.

या हिशेबात उणीव आहेच. एका मंडळात अनेक गावे येतात आणि वळवाचा पाऊस बांध ओलांडेलच असे नाही. ग्रामपंचायतीपुढचा साधा पर्जन्यमापक ही कसर काही अंशी भरून काढतो, अर्थात नोंद रोज झाली तर.