येत नाही आणि अजून येत नाही



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला लेख लिहायला सांगितले. विषय पण त्यांनीच दिला. पेपरात कमी गुण पडले की आपण काय करतो, हा तो विषय. मी म्हटलं, गुरुजी, मी कशी लिहू? मलाच तर कमी पडलेत. गुरुजी म्हणाले, म्हणून तर तूच लिही. मग मी लिहायला बसले.

पहिल्यांदा माझीच गोष्ट सांगते. गणपतीच्या आधी आमची भागाकाराची चाचणी झाली. ती २० गुणांची होती. मला ३ मिळाले. मी पेपराच्या चार घड्या केल्या आणि दप्तरात तळाला घातला. आईने विचारले तर सांगितले, अजून तपासला नाही. हे खोटे होते. रात्री मला झोपच येईना. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला फळ्यापाशी बोलावले. मी म्हटले, "मला भागाकार येत नाही." गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी माझे वाक्य तसेच फळ्यावर लिहिले. मग त्याच्या खाली दुसरे वाक्य लिहिले, "मला भागाकार अजून येत नाही." आणि सगळ्या वर्गाला विचारले, या दोन वाक्यांत फरक काय?

आम्ही कोणीच बोललो नाही. मग गुरुजींनी समजावून सांगितले. पहिले वाक्य बोलले की पुढे करायचे काही उरत नाही. दुसरे वाक्य बोलले की आपले काय राहिले आहे ते शोधावे लागते. फरक तो एवढाच. पण तो फार मोठा आहे.

काही जणांना वाटते की हुशारी जन्मताच ठरलेली असते. डोळ्यांचा रंग जसा बदलत नाही, तशी ती पण बदलत नाही. असे वाटणाऱ्याला कमी गुण पडले की तो म्हणतो, माझे डोकेच तसे. मग तो पेपर लपवतो, नाहीतर कॉपी करतो, नाहीतर शाळेत यायचे टाळतो. दुसऱ्या काही जणांना वाटते की हुशारी वाढते. शिकले, चुकले, पुन्हा केले की ती वाढत जाते. असे वाटणाऱ्याला कमी गुण पडले की वाईट त्याला पण वाटते. पण तो पेपर उघडून बघतो. मोठ्या पुस्तकांत पहिल्या प्रकाराला स्थिर मनोवृत्ती म्हणतात आणि दुसऱ्याला वाढीची मनोवृत्ती म्हणतात. हे शब्द मला अवघड वाटले म्हणून मी ते पाच वेळा लिहून काढले.

हा अभ्यास अमेरिकेतल्या कॅरोल ड्वेक नावाच्या बाईंनी केला. त्या मनाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिका आहेत. १९९८ साली त्यांचे आणि क्लॉडिया म्युलर या बाईंचे काही प्रयोग छापून आले. प्रयोगातली मुले पाचवीची होती, म्हणजे आपल्याहून एकच वर्ष पुढे. त्यांनी मुलांना चित्रांची सोपी कोडी घातली. सगळ्यांना ती बरी जमली. मग काही मुलांना सांगितले, "तू हुशार आहेस." काही मुलांना सांगितले, "तू खूप मेहनत केलीस." मग मुद्दाम अवघड कोडी दिली. ती कोणालाच नीट जमली नाहीत. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली.

आता गंमत बघा. ज्यांना मेहनतीची शाबासकी मिळाली होती, त्यांना शेवटची कोडी पहिल्यापेक्षा जास्त जमली. ज्यांना हुशार म्हटले होते, त्यांना पहिल्यापेक्षा कमी जमली. कोडी तर तेवढीच सोपी होती! मधल्या अवघड कोड्यांत हरल्यावर त्यांना वाटले, आपण हुशार नाहीच. म्हणून त्यांचा हुरूप गेला. आणखी एक गोष्ट गुरुजींनी सांगितली, ती ऐकून मला लाज वाटली. आपले गुण किती ते दुसऱ्या शाळेतल्या मुलाला लिहून कळवा, असे सांगितल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी गुण वाढवून लिहिले. मी पण आईला खोटेच सांगितले होते ना!

तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची गोष्ट झाली. म्हणून आता आपल्या कोकणातली खरी गोष्ट सांगते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली येथे झाला. त्यांचे गाव दापोलीजवळचे मुरूड. १८७५ साली त्यांना एक सरकारी परीक्षा द्यायची होती. ती साताऱ्याला होती. मुरूडहून सातारा सुमारे ११० मैल, म्हणजे जवळजवळ १७५ किलोमीटर. तेव्हा आजच्यासारखी एस.टी. नव्हती. ते आणि त्यांचे सोबती पावसापाण्यात घाट चढून पायी साताऱ्याला गेले. आमच्या गावापासून अंबरनाथ स्टेशन ९ किलोमीटर आहे. एकदा रिक्षा मिळाली नाही म्हणून आम्ही चालत आलो, तर माझे पाय दोन दिवस दुखत होते. मग त्यांचे किती दुखले असतील!

आणि तिथे पोचल्यावर काय झाले? परीक्षेला बसायला सतरा वर्षे पुरी लागत होती. कर्व्यांना ती झाली होती. पण ते अंगाने बारीक आणि ठेंगणे होते. साहेबांना ते लहान वाटले. वयाचा दाखला असून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. एवढे चालून आलेला मुलगा तसाच परत गेला.

आपण असतो तर म्हटले असते, आपल्या नशिबात परीक्षा नाही. पण कर्वे पुढच्या वर्षी कोल्हापूरला गेले, तीच परीक्षा दिली आणि पास झाले. १८८१ साली, २३ वर्षांचे असताना ते मॅट्रिक झाले. १८८४ साली बी.ए. झाले, आणि तेसुद्धा गणित घेऊन. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढे १८९६ साली त्यांनी विधवा बायकांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली मुलींसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. तेव्हा ते १०० वर्षांचे होते. साताऱ्याहून परत येताना ते म्हणाले असते की आता पुरे, तर हे सगळे कसे झाले असते?

ही गोष्ट मी घरी आजीला वाचून दाखवली. आजी शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "यात नवीन काय गो? एक साल पाऊस दडी मारून बसला नि आपला आवण करपला. मग आपली जमीनच भाताची नाय असा कोन बोलला का? परत पेरला." आवण म्हणजे भाताची रोपे. लावणीच्या आधी ती एका जागी पेरून तयार करतात. मग आजी थोडी थांबून म्हणाली, "पन नुसता परत पेरून नाय चालत. कशानं करपला तां बघाय लागतंय."

आजीचे हे शेवटचे बोलणे फार महत्त्वाचे आहे. ते माझ्या ताईच्या बाबतीत खरे झाले. ताई या वर्षी मार्चमध्ये दहावीत गणितात नापास झाली. तिला १९ गुण पडले. पास व्हायला ३५ लागतात. ती म्हणाली, मला गणित येतच नाही, मी आता अंबरनाथला कंपनीत कामाला जाते. पप्पा पण म्हणाले, जाऊ दे, सगळ्यांनाच कुठे जमते. पण दहावीला नापास झालेल्यांची निकालानंतर पुन्हा परीक्षा होते. २०१५ पासून अशी सोय आहे. ताई पुन्हा बसली. तिने खूप पाठांतर केले, रात्री बारापर्यंत जागली. तिला २७ पडले. म्हणजे परत नापास.

मला वाटले, मग मेहनत करून काय उपयोग? मी गुरुजींना तसे विचारले. गुरुजींनी ताईला पेपर घेऊन बोलावले आणि कुठले गुण गेले ते तिलाच शोधायला सांगितले. तेव्हा कळले की बीजगणितात तिचे गुण वाढले आहेत. भूमिती मात्र ती न समजता पाठ करत होती. आकृती बदलली की तिला काही सुचत नव्हते. भूमिती पाठ करून येत नाही, आकृत्या काढून येते. आता ती रोज दोन आकृत्या काढते. अडले की त्यावर खूण करते आणि रविवारी गुरुजींना विचारते. ती फेब्रुवारीत पुन्हा परीक्षेला बसणार आहे. पास होईल की नाही ते मी आज कसे सांगू? पण ती कंपनीचे नाव आता काढत नाही.

मी पण माझा पेपर दप्तरातून काढला. दहा उदाहरणे होती. त्यांतली नऊ चुकली होती. पण चुका नऊ प्रकारच्या नव्हत्या, दोनच प्रकारच्या होत्या. सहा उदाहरणांत मी शून्य मांडायला विसरले होते. ८१६ ला ८ ने भागायचे. ८ ला ८ ने भागले, १ आला. मग १ खाली घेतला. १ मध्ये ८ जात नाहीत, म्हणून तिथे ० मांडायचा. मग ६ खाली घेतला, १६ झाले, ८ दुणे १६. उत्तर आले १०२. मी ० मांडतच नव्हते, म्हणून माझे उत्तर १२ येत होते. १२ गुणिले ८ केले तर ९६ येतात, ८१६ येत नाहीत. असा ताळा केला असता तर मला तेव्हाच कळले असते. बाकीच्या तीन उदाहरणांत माझा सातचा पाढा चुकला होता. म्हणजे मला भागाकार येत नव्हता असे नाही. मला शून्य आणि सातचा पाढा येत नव्हता. दुसऱ्या चाचणीत मला १४ मिळाले. ६ गेले. ते कुठे गेले तेही मी बघितले आहे.

आता एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहायला मला बरे वाटत नाही, पण लिहिते. आमच्या वर्गात वाडीवरचा एक मुलगा आहे. दिवाळीनंतर त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला जातात, तेव्हा तो पण जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. यंदा जूनमध्ये तो वाचताना अडखळला. सगळा वर्ग हसला. मी पण हसले. तेव्हापासून तो मागे बसतो आणि हात वर करत नाही. मला ३ गुण पडले तेव्हा वर्ग मला पण हसला. मग मला समजले की त्याला कसे वाटले असेल. त्याला डोके नाही असे नाही. तो धडा झाला तेव्हा तो शाळेत नव्हता.

गुरुजींनी सांगितले की २०१९ साली अमेरिकेतला एक मोठा प्रयोग छापून आला. त्यात नववीची सुमारे १२ हजार मुले होती. अभ्यासाने मेंदू वाढतो, हे त्यांना एका तासाहून कमी वेळात शिकवले. त्यामुळे जी मुले अभ्यासात मागे होती त्यांचे गुण थोडे वाढले. फार नाही, थोडेच. आणि जिथे बरोबरीच्या मुलांनाही अवघड गणिते करून बघायला आवडत होती, तिथे फायदा जास्त झाला. म्हणजे एकट्याने "अजून" म्हणून पुरत नाही. बाजूला बसलेल्यांनी हसता कामा नये.

हे सगळे आपल्याला लवकरच लागणार आहे. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढच्या वर्षी आपण पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार. आधी आठवीपर्यंत कोणाला नापास करत नसत. २०२३ साली आपल्या राज्यात नियम बदलला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावे लागते. नापास झाले तर पुन्हा एकदा परीक्षा घेतात. तिच्यातही नापास झाले तर त्याच वर्गात बसावे लागते. मला याची भीती वाटते. तुम्हाला पण वाटत असेल. पण पुन्हा परीक्षा आहे, म्हणजे त्या नियमात पण "अजून" आहेच.

म्हणून आम्ही चौथीच्या मुलांनी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पेपर मिळाला की लपवायचा नाही, कुठे चुकले ते लाल पेन्सिलीने वहीत लिहायचे. तीच चूक दोनदा झाली तर गुरुजींना नाहीतर येणाऱ्या मुलाला विचारायचे. आणि कोणी चुकला तर हसायचे नाही.

वाडीवरचा तो मुलगा आता माझ्या शेजारी बसतो. मी त्याला वाचायला मदत करते. त्याचा सातचा पाढा माझ्याहून पक्का आहे. तो मला म्हणून दाखवतो.

चूकभूल द्यावी घ्यावी.

इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ९
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. अंबरनाथ, जि. ठाणे