मुंबई बंद झालं आणि अकरावी फाइल राहिली

महाबळेश्वरचा पाऊस आहे, पत्र्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतोय, सांभाळून घ्या. आज कॉन्फिग फाइल्सबद्दल.

पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या टेस्टनेटचं नाव होतं 'मुंबई', चेन आयडी ८०००१. ते गोएर्लीवर उभं होतं. गोएर्ली गुंडाळायचं ठरलं, तसं एप्रिल २०२४ मध्ये मुंबईही बंद झालं. त्याजागी 'अमोय' आलं, आयडी ८०००२. स्ट्रॉबेरीच्या पेट्यांच्या नोंदी ठेवायचा माझा एक छोटा प्रयोग होता. त्यात हा आकडा मी अकरा फाइल्समध्ये हाताने लिहिलेला. दहा बदलल्या. अकरावीने रात्रभर जागवलं, कारण व्यवहाराच्या सहीतच चेन आयडी असतो. तो चुकला की नोड व्यवहार घेतच नाही.

तेव्हापासून मी फाइल लिहीत नाही, फाइल लिहिणारी स्क्रिप्ट लिहितो. चेन आयडी, पोर्ट, नोडचे पत्ते एकाच जागी ठेवायचे, बाकी फाइल्स पायथन काढतं.

स्वतःचं नेटवर्क उभारताना तर हे लागतंच. हायपरलेजर बेसू घ्या. त्यात चार व्हॅलिडेटर ठेवतात, म्हणजे एक बंद पडला तरी तिघे काम चालवतात. या चौघांचे पत्ते जेनेसिस फाइलच्या 'एक्स्ट्रा डेटा'मध्ये एका लांबलचक हेक्स ओळीत गुंफलेले असतात. ती हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका. एक अक्षर हललं की जेनेसिस ब्लॉकचा हॅश बदलतो आणि नोड एकमेकांना ओळखच देत नाहीत. बेसूमध्ये चाव्या आणि जेनेसिस एकदमच बनवून देणारी कमांड आहे, तीच वापरा.

आणखी एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती! यॅमल फाइलमध्ये ०एक्सने सुरू होणारा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर पायथनची नेहमीची लायब्ररी त्याला आकडा समजते. पत्त्याचा भलामोठा नंबर होतो. म्हणून मजकूर जोडून फाइल बनवायची नाही, लायब्ररीकडूनच लिहून घ्यायची. अवतरणं ती बरोबर घालते. खासगी चावी मात्र त्या मूळ माहितीत ठेवायची नाही, कारण ती फाइल गिटवर जाते.

आता स्क्रिप्ट चालली की मी चारही नोडवरच्या जेनेसिस फाइल्सचे हॅश ताडून बघतो, मगच नोड सुरू करतो. अर्थात, लाईट असेल तर.